पडद्यामागील स्वरकार : वनराज भाटिया

१९७६ साली प्रदर्शित झालेल्या ‘मंथन’ या हिंदी चित्रपटाचा निर्माता कोणी धनिक नव्हता. गुजरातमधील सुमारे पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून या चित्रपटाचे भांडवल उभे केले होते. गावात सहकारी दूध संस्था उभी राहू लागली की सावकार, सरपंच, जातीजातींतील भिंती आणि बाहेरून आलेला सुशिक्षित अधिकारी यांच्यात कोणता संघर्ष पेटतो, हा त्याचा विषय होता. दिग्दर्शन श्याम बेनेगल यांचे, तर पटकथा विजय तेंडुलकर यांची होती. तेंडुलकरांना या पटकथेबद्दल राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. शहरांतील चित्रपटगृहांतून उतरल्यानंतर या चित्रपटाच्या सोळा मिलिमीटरच्या प्रती खेडोपाडी नेण्यात आल्या आणि पशुवैद्य व दुग्धतज्ज्ञ यांच्या पथकांबरोबर सहकाराच्या प्रसारासाठी त्या दाखविण्यात आल्या. चित्रपटाने विकासकार्यात प्रत्यक्ष हातभार लावल्याची अशी उदाहरणे आपल्या देशात फारशी नाहीत.

या चित्रपटात प्रीती सागर यांनी गायिलेले एक गीत आहे. गुजराती लोकगीताच्या वळणाचे हे गीत पुढे दुधाच्या जाहिरातीतून घरोघरी पोहोचले आणि ज्यांनी ‘मंथन’ पाहिलेला नाही अशा पिढ्यांनाही ते पाठ झाले. ते लोकगीतच आहे अशी अनेकांची समजूत असते. वास्तविक ते नीती सागर यांनी लिहिलेले आणि वनराज भाटिया यांनी स्वरबद्ध केलेले नवे गीत होय. लंडन आणि पॅरिस येथे पाश्चात्त्य अभिजात संगीताचे नऊ-दहा वर्षे कठोर शिक्षण घेतलेल्या रचनाकाराच्या हातून सौराष्ट्रातील गवळणीच्या ओठी शोभेल अशी चाल उतरावी, ही गोष्ट वरवर विसंगत वाटते. परंतु या विसंगतीतच भाटिया यांच्या कार्याचे मर्म दडलेले आहे.

मुंबई, लंडन, पॅरिस

वनराज भाटिया यांचा जन्म ३१ मे १९२७ रोजी मुंबईत एका कच्छी व्यापारी कुटुंबात झाला. न्यू एरा शाळेत शिकत असतानाच त्यांनी देवधर स्कूल ऑफ इंडियन म्युझिकमध्ये हिंदुस्थानी संगीताचे धडे घेतले. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी चालविलेली ही शाळा त्या काळी मुंबईच्या संगीतजीवनाचे एक केंद्र होती. कुमार गंधर्वांसारखा गायक तेथेच घडला. स्वतः देवधरांना पाश्चात्त्य संगीताविषयी डोळस कुतूहल होते, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. विद्यार्थिदशेतच भाटियांच्या कानी चायकोव्हस्की या रशियन रचनाकाराची पियानोसाठी लिहिलेली एक रचना पडली आणि त्यांच्या मनाची ओढ दुसऱ्याच दिशेला गेली. डॉ. माणेक भगत यांच्याकडे त्यांनी चार वर्षे पियानोचे शिक्षण घेतले. १९४९ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून इंग्रजी विषयात एम.ए. झाल्यावर ते लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाले.

तेथे हॉवर्ड फर्ग्युसन, अ‍ॅलन बुश आणि विल्यम अ‍ॅल्विन हे त्यांचे शिक्षक होते. यांपैकी अ‍ॅल्विन हे स्वतः चित्रपटांसाठी संगीत लिहिणारे नामवंत रचनाकार होते. चित्रपटाचे संगीत म्हणजे दुय्यम दर्जाचे काम, ही आपल्याकडील विद्वानांत त्या वेळी सर्रास आढळणारी भावना भाटियांच्या ठायी पुढेही दिसत नाही. तिचे एक कारण या शिक्षणात असावे. १९५४ साली सुवर्णपदक मिळवून ते तेथून बाहेर पडले आणि शिष्यवृत्तीवर पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे गेले. विसाव्या शतकातील संगीतशिक्षकांत या विदुषींचे स्थान फार मोठे आहे. अमेरिकेचे आरन कोपलंड, अर्जेंटिनाचे आस्तोर पियाझोला, पुढच्या पिढीतील फिलिप ग्लास असे परस्परांहून सर्वस्वी भिन्न रचनाकार त्यांच्या हाताखाली शिकले. शिष्याने आपली नक्कल करावी हे बूलांजे यांना मान्य नव्हते. स्वरलेखनातील शिस्तीत मात्र त्या कसलीही सूट देत नसत.

ही शिस्त प्रामुख्याने काउंटरपॉइंट या तंत्राची होती. आपल्या वाचकांना ती एका परिचित उदाहरणाने समजावून घेता येईल. भजनी मंडळात सर्व टाळकरी एकच चाल एकत्र म्हणतात. बुवांनी मध्येच आलाप घेतला तरी मागची मंडळी मूळ चाल सोडत नाहीत. आता अशी कल्पना करावी की, मंडळाचे तीन गट केले असून प्रत्येक गट निराळी चाल म्हणत आहे. प्रत्येक चाल स्वतंत्रपणे ऐकली तरी ती गोड व पूर्ण वाटते, आणि तिन्ही एकाच वेळी चालू असता त्यांची कोठेही टक्कर न होता एक भरदार नाद उमटतो. अशी रचना उत्स्फूर्तपणे होऊ शकत नाही. ती आधी कागदावर, स्वरास्वरांचा हिशेब करून, लिहावी लागते. आपले रागसंगीत एका स्वररेषेच्या विस्तारात रमणारे, तर हे संगीत अनेक रेषांच्या एकत्र चालण्यावर उभे. या दोहोंचा सांधा कसा जुळवावा, हा प्रश्न भाटियांना जन्मभर पुरला.

१९५९ साली ते मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या विद्येला येथे गिऱ्हाईक नव्हते, असे स्पष्टच म्हणावे लागेल. मुंबईत पाश्चात्त्य संगीताचे जलसे होत. पण त्यांत युरोपातील जुन्या रचनाकारांच्याच कृती वाजविल्या जात. भारतीय रचनाकाराची नवी कृती वाजवू इच्छिणारा वाद्यवृंद नव्हता आणि तिची वाट पाहणारा श्रोताही नव्हता. १९६० ते १९६५ या काळात त्यांनी दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्राचे प्रपाठक म्हणून अध्यापन केले. परंतु त्यांच्या लेखणीला खरे काम मिळाले ते जाहिरातपटांत.

तीस सेकंदांची शाळा

शक्ती सिल्क या साड्यांची जाहिरात हे भाटियांचे या क्षेत्रातील पहिले काम. त्यानंतर त्यांनी हजारो जाहिरातपटांना संगीत दिले. लिरिल साबणाची धबधब्याखालची धून, गार्डन वरेली साड्यांची आणि ड्युलक्स रंगांची जाहिरात या त्यांतील काही ठळक कृती होत.

जाहिरातीसाठी केलेले संगीत म्हणून नाक मुरडण्यापूर्वी या कामातील गणित पाहणे इष्ट ठरेल. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर दर सेकंदाला चोवीस चित्रे पडद्यावरून सरकतात. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. म्हणजे एका मिनिटाला नव्वद फूट आणि तीस सेकंदांच्या जाहिरातीला अवघी पंचेचाळीस फूट फिल्म लागते. एवढ्या अवधीत धुनेने लक्ष वेधून घ्यावयाचे, वस्तूचे नाव ऐकू येईल अशी जागा मोकळी सोडावयाची, चित्र जेथे बदलते नेमके तेथेच वळण घ्यावयाचे आणि संपताना अपुरी राहिल्यासारखी वाटू द्यावयाची नाही. ख्यालगायकाला रागाचे रूप उभे करण्यासाठी अर्धा तास हवा असतो. येथे अर्धे मिनिट मिळते. बूलांजे यांच्या वर्गात स्वरांचा काटेकोर हिशेब शिकलेल्या माणसाला हे बंधन जाचक वाटले नाही, ही गोष्ट समजण्याजोगी आहे. पुढे चित्रपटाचे पार्श्वसंगीत रचताना हाच हिशेब दोन तासांच्या पटावर मांडावयाचा होता.

येथे मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळांतील तत्कालीन पद्धतीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. बहुसंख्य संगीत दिग्दर्शक चाल रचीत, ती गुणगुणून वा पेटीवर वाजवून दाखवीत. वाद्यवृंदातील प्रत्येक वादकाने काय वाजवावे हे पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून काढण्याचे काम संगीत संयोजक करी. हे संयोजक आणि व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजविणारे अनेक वादक गोव्याहून आलेले असत. चर्चच्या शाळांतून त्यांनी लहानपणीच स्वरलिपी आत्मसात केलेली असे. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतील दोन आदरणीय नावे होत. हिंदी चित्रपटसंगीताला जो भरदार नाद लाभला त्याचे मोठे श्रेय या मंडळींकडे जाते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र त्यांना क्वचितच जागा मिळाली. भाटिया हे चाल आणि संयोजन दोन्ही स्वतः लिहीत. प्रत्येक वादकासमोरचा कागद त्यांच्याच हातचा असे. त्यामुळे त्यांच्या कामात चाल एकाची आणि तिचा पेहराव दुसऱ्याचा, असा प्रकार आढळत नाही.

बेनेगल यांच्या चित्रपटांतील कार्य

श्याम बेनेगल हेही मूळचे जाहिरात व्यवसायातीलच. १९७४ साली त्यांनी ‘अंकुर’ हा पहिला कथापट काढला तेव्हा संगीताची जबाबदारी भाटियांवर सोपविली आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ हे सहकार्य टिकले. ‘अंकुर’मध्ये प्रचलित अर्थाने गाणी नाहीत आणि पार्श्वसंगीतही अत्यंत तुरळक आहे. तेलंगणातील खेड्यातील शांतता, पाखरांचे आवाज, माणसांची बोलणी यांनाच तेथे वाव दिलेला आहे. संगीतकाराने कोठे वाजवू नये हे कळणे, ही पार्श्वसंगीतातील पहिली पायरी मानली जाते. ज्या काळात हिंदी चित्रपटात दरवाजा उघडला तरी शंभर व्हायोलिने कडाडत, त्या काळात ही संयमाची भूमिका घेणे सोपे नव्हते.

महाराष्ट्रीय रसिकाला विशेष जवळचा वाटावा असा चित्रपट म्हणजे ‘भूमिका’ (१९७७). हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या गाजलेल्या आत्मकथनावर तो आधारलेला आहे. नायिका उषा हिचे बालपण, चित्रपटसृष्टीतील प्रवेश, कीर्ती आणि फरफट असा दीर्घ काळ त्यात येतो. स्मिता पाटील यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संगीतकारापुढची अडचण अशी की, नायिका ज्या चित्रपटांत काम करते त्यांतील गाणीही पडद्यावर दाखवावयाची होती आणि ती त्या-त्या काळातील वाटली पाहिजेत, पण जुन्या गाण्यांची नक्कल असता कामा नयेत. काळ बदलतो तसे गाण्याचे वळण, वाद्यमेळाचा आकार आणि गळ्याचा लगावही बदलावा लागतो. भाटियांनी ही अडचण केवळ चालीने सोडविली नाही; गळे निवडतानाही त्यांनी फार विचार केला. किराणा घराण्याचे फिरोज दस्तूर त्यांनी बोलावले. दस्तूर हे बालवयात बोलपटांत गायिलेले, म्हणजे तो काळ त्यांनी स्वतः अनुभवलेला होता. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या सरस्वतीबाई राणे यांनी आपली नात मीना फातर्पेकर यांच्यासह या चित्रपटासाठी पार्श्वगायन केले. १९४३ सालच्या ‘रामराज्य’मधील सरस्वतीबाईंचे गाणे ज्यांनी ऐकले असेल त्यांना या निवडीचे औचित्य वेगळे सांगावयास नको. आजी आणि नात यांनी एकत्र गाणे, तेही कथेतील आजी, आई आणि मुलगी यांच्या पिढीजात नात्याला शोभून दिसते. संगीतकाराने अभ्यासलेला इतिहास पुस्तकी राहिला नाही, तो गळ्यांतून बोलला, असे ‘भूमिका’बद्दल म्हणता येईल.

यानंतरच्या चित्रपटांत विषयागणिक संगीताची भाषा पालटत गेलेली दिसते. ‘जुनून’ (१९७८) मध्ये १८५७ च्या काळाला साजेशी कव्वाली आणि सूफी रचना आहेत. ‘मंडी’ (१९८३) मध्ये जुन्या उर्दू शायरांच्या गझला कोठीच्या ढंगाने येतात. ‘त्रिकाल’ (१९८५) हा चित्रपट पोर्तुगीज सत्तेच्या अखेरच्या दिवसांतील गोव्यातील एका जमीनदार ख्रिस्ती कुटुंबाविषयीचा आहे. लोटली येथील एका जुन्या वाड्यात त्याचे चित्रीकरण झाले आणि गोव्याचे रेमो फर्नांडिस हेही त्याच्या संगीतात सहभागी झाले. ‘सरदारी बेगम’ (१९९६) मध्ये ठुमरी हा कथेचाच विषय होता आणि आरती अंकलीकर-टिकेकर यांचा गळा त्यासाठी योजिला गेला. अन्य दिग्दर्शकांपैकी अपर्णा सेन यांच्या ‘३६ चौरंगी लेन’ (१९८१) या कलकत्त्यातील एकाकी अँग्लो-इंडियन शिक्षिकेच्या कथेला आणि कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’ (१९८३) या तिखट प्रहसनालाही भाटियांचेच संगीत आहे. पुढे ‘दामिनी’, ‘परदेस’ यांसारख्या व्यावसायिक चित्रपटांचे पार्श्वसंगीत त्यांनी केले. गाणी दुसऱ्याची आणि पार्श्वसंगीत यांचे, अशी ती कामे असल्याने सामान्य प्रेक्षकाला त्यांचा पत्ताही नसतो.

दूरदर्शनचा पडदा

दूरदर्शनचे माध्यम चित्रपटाहून सर्वस्वी निराळे आहे. चित्रपटगृहात अंधार असतो आणि प्रेक्षक पैसे देऊन, मन एकाग्र करून बसलेला असतो. घरातील किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील संचासमोर मुले भांडत असतात, स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत असतो, आणि १९८० च्या दशकातील संचाचा लहानसा ध्वनिक्षेपक मोठ्या वाद्यवृंदाचे बारकावे पकडण्यास असमर्थ असतो. अशा वेळी मालिकेच्या शीर्षकसंगीताला शाळेच्या घंटेचे काम करावे लागते. आतल्या खोलीतील माणसाने ते ऐकून हातचे काम टाकून यावे, ही त्याच्याकडून अपेक्षा असते. जाहिरातपटांत घासूनपुसून तयार झालेली भाटियांची लेखणी येथे फार उपयोगी पडली. ‘खानदान’ (१९८५), रेल्वेच्या लांबलचक प्रवासावरील बेनेगल यांची ‘यात्रा’ (१९८६) आणि आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाची आठवण करून देणारी ‘वागले की दुनिया’ (१९८८) या मालिकांना त्यांचे संगीत होते.

गोविंद निहलानी यांची ‘तमस’ ही मालिका जानेवारी १९८८ मध्ये प्रसारित झाली. भीष्म साहनी यांच्या फाळणीवरील कादंबरीवर ती आधारलेली होती. तिचे प्रसारण थांबविण्यासाठी न्यायालयात धाव घेण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहून प्रसारणास अनुकूल निर्णय दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही प्रसारण रोखण्यास नकार दिला. दंगलीचे चित्रण असलेल्या कथेत संगीतकारावर फार मोठी जबाबदारी असते. पडद्यावर कोणत्या जमातीचा माणूस आहे हे पाहून त्यानुसार करुण वा भयप्रद स्वर योजिले, तर प्रेक्षकाच्या नकळत त्याच्या मनात पक्षपात पेरला जाऊ शकतो. ‘तमस’च्या संगीतात शोक आहे, भीती आहे, पण ती कोणा एका जमातीच्या वाट्याची नाही. या संगीतासाठी भाटियांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्राप्त झाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस ‘भारत एक खोज’ सुरू झाली. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या ग्रंथावरील ही त्रेपन्न भागांची मालिका बेनेगल यांनी दिग्दर्शित केली. सिंधू संस्कृतीपासून स्वातंत्र्यापर्यंतचा पट, म्हणजे सुमारे पाच हजार वर्षे, तिच्यात सामावलेला होता. अशा मालिकेचे शीर्षकसंगीत कोणत्या काळाचे असावे? एखाद्या राजवटीचे संगीत निवडावे तर बाकीचे युग वगळल्यासारखे होते. राष्ट्रगीताच्या धाटणीचे रचावे तर इतिहासाचा शोध संपून प्रचार सुरू होतो. निवड झाली ती ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एकशे एकोणतिसाव्या सूक्ताची. हे नासदीय सूक्त सृष्टीच्या आरंभाविषयी प्रश्न विचारते आणि त्याचे उत्तर कोणाला ठाऊक असेल की नाही, अशी शंका व्यक्त करून थांबते. ‘खोज’ या शब्दाशी इतके इमान राखणारा दुसरा मजकूर सापडणे कठीण. समारोपासाठी त्याच मंडलातील हिरण्यगर्भ सूक्त योजिले गेले. मूळ संस्कृतास जोडून येणारा हिंदी अनुवाद वसंत देव यांचा होता.

वेदपठणाची आपल्याकडील परंपरा मोजक्या स्वरांत, चढउतारांच्या ठरावीक नियमांनी चालते. तिच्यात वाद्य नाही आणि अनेक स्वररेषाही नाहीत. भाटियांनी पठणाची ती गंभीर चाल जागी ठेवून तिच्याभोवती समूहस्वर उभा केला. पाश्चात्त्य चर्चसंगीतातून आलेली समूहगायनाची विद्या आणि वैदिक शब्द यांचा मेळ बसविताना तो परका वाटू न देणे, ही कसोटी होती. ती किती उतरली याचा पुरावा विद्वानांच्या मतांत शोधण्याचे कारण नाही. ज्या मुलांनी कधी संस्कृतचा वर्ग पाहिला नाही, अशी त्या काळची मुले आज प्रौढ झाली असून त्या सूक्ताचे आरंभीचे शब्द त्यांना चालीसकट आठवतात. नासदीय सूक्त इतक्या लोकांच्या कानी पोहोचविण्याचे कार्य पूर्वी कोणत्याही ग्रंथाने केले नसेल. इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकांनी मालिकेचे भाग वर्गात दाखविताना शीर्षकापाशी घाई करू नये, ते यासाठीच.

हक्क आणि मोबदला

१९८९ साली सर्जनशील व प्रायोगिक संगीतासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री असे सन्मान भाटियांना लाभले. तथापि २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून जे प्रसिद्ध झाले ते अस्वस्थ करणारे होते. वयाची नव्वदी ओलांडलेला हा रचनाकार मुंबईतील आपल्या घरी आर्थिक विवंचनेत दिवस काढीत होता. बातम्यांनंतर चित्रपटसृष्टीतील काही व्यक्ती व संगीतकारांच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था मदतीस पुढे आली. ज्यांच्या धुना देशभर अहोरात्र वाजत होत्या, त्यांच्यावर ही वेळ का यावी, याचे उत्तर काही अंशी कायद्याच्या इतिहासात सापडते.

जाहिरातपट असो वा पार्श्वसंगीत, मोबदला एकरकमी देण्याची प्रथा होती. धून एकदा वाजली काय आणि वीस वर्षे वाजली काय, रचनाकाराच्या पदरी पडणारी रक्कम तीच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९७७ मध्ये, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या प्रकरणी, असा निर्णय दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी संगीत करवून घेतले असेल आणि त्याविरुद्ध करार नसेल, तर त्या संगीताच्या हक्काचा पहिला धनी निर्माता होय. योगायोग असा की, ‘मंथन’ आणि ‘भूमिका’ हे चित्रपट याच सुमाराचे. निर्णय कायद्याच्या तत्कालीन शब्दांना धरून असला तरी व्यवहारात त्याचा परिणाम संगीतकार आणि गीतकार यांना फार जड गेला.

ही स्थिती पालटण्यास पस्तीस वर्षे लागली. मे २०१२ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. त्यासाठी राज्यसभेत कवी जावेद अख्तर यांनी आग्रहाने बाजू मांडली होती. चित्रपटगृहात चित्रपट दाखविणे वगळता अन्य कोणत्याही मार्गाने त्यातील गीताचा वा संगीताचा वापर झाल्यास, मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा समान वाटा रचनाकाराला मिळाला पाहिजे, अशी तरतूद या दुरुस्तीने केली. एवढेच नव्हे तर हा हक्क करारात लिहून देऊन सोडताही येत नाही. तो केवळ वारसांकडे किंवा स्वामित्वधन वसूल करणाऱ्या अधिकृत संस्थेकडे सोपविता येतो. गरजू कलावंताकडून सही घेऊन कायदा निष्प्रभ करण्याची वाट यामुळे बंद झाली. जावेद अख्तर यांच्यासारख्या नामवंत गीतकाराला जे बोलून दाखविता आले, ते स्टुडिओच्या कोपऱ्यात बसून पार्श्वसंगीत लिहिणाऱ्या माणसाला कधीच बोलता आले नसते.

शाळा व स्थानिक संस्था यांना या कायद्याची एक बाजू माहीत असणे हिताचे आहे. शिक्षक व विद्यार्थी यांनी शाळेच्या उपक्रमात, शाळेशी संबंधित मंडळी व पालक यांच्यासमोर एखादी संगीतरचना सादर केली, तर तो हक्कभंग ठरत नाही. धार्मिक विधी, तसेच शासन किंवा स्थानिक संस्थेचा अधिकृत समारंभ यांतील वापरालाही कायद्याने सूट दिली आहे. मात्र तिकीट लावून केलेला करमणुकीचा कार्यक्रम या सवलतीत बसत नाही. तेथे परवाना घ्यावा लागतो आणि त्याच्या शुल्कातूनच रचनाकाराचा वाटा निघतो. गावच्या जत्रेतील ऑर्केस्ट्राचे आयोजक अनेकदा या शुल्काला जुलूम समजतात. त्यांनी शुल्क कोठे जाते याची चौकशी केली तर ती योग्यच ठरेल. परंतु शुल्कच नको, ही भूमिका टिकणारी नाही.

भाटियांनी आपले आणखी एक काम या साऱ्या धावपळीत चालू ठेवले होते. पियानो, तंतुवाद्ये आणि कंठसंगीत यांसाठी त्यांनी स्वतंत्र रचना लिहिल्या. चित्र नाही, वस्तूचे नाव नाही, सेकंदांचे बंधनही नाही, असे हे संगीत. गिरीश कार्नाड यांच्या नाटकावरून ‘अग्निवर्षा’ हा पाश्चात्त्य ऑपेराच्या धर्तीचा संगीतनाट्यप्रबंध त्यांनी वृद्धापकाळी हाती घेतला आणि त्यातील काही भाग २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये सादर झाला. मुंबईतील श्रोत्यांना या रचना ऐकण्याचे प्रसंग थोडेच आले. जानेवारी २०१९ मध्ये जगप्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा मुंबईत आले असता त्यांनी भाटियांची ‘रेव्हरी’ ही रचना वाजविली. त्या वेळी रचनाकाराचे वय एक्याण्णव वर्षांचे होते. ७ मे २०२१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ध्वनिफितीवरचे संगीत फीत झिजली की जाते. भाटियांच्या या रचना मात्र स्वरलिपीत कागदावर लिहिलेल्या आहेत आणि ती लिपी वाचता येणाऱ्या कोणत्याही वादकाला त्या उचलून वाजविता येतील.